‘पाचवी खाट’चं जाहीर वाचन

बुलढाणा, ८ जून

ओवी,

तुझ्या पुस्तकाच्या मागे किंमत छापली आहे, दोनशे चाळीस रुपये. ती खरी नाही. मला ते पुस्तक पडलं ते असं: तुझ्या दोन दिवाळ्या, आईने तुझ्यासाठी करून ठेवलेल्या आणि शेवटी मी एकट्याने संपवलेल्या करंज्या, आणि रविवारी सकाळी मला येणारा तुझा फोन. आता तो आईच्या मोबाईलवर येतो. मी पेपर तोंडासमोर धरून शेजारी बसतो. तुझा आवाज मोबाईलच्या बाहेर येतो, हे तुम्हा मायलेकींच्या लक्षात आलेलं नाही. मागच्या रविवारी तुला सर्दी होती.

पुस्तक तू पाठवलंस तेव्हा मी ते कपाटावर टाकलं. आपल्या बीबी गावापासून इथपर्यंत जो भेटेल तो सांगत होता, नीळकंठराव, पोरीने तुम्हाले पुस्तकात घातलं. तू विचारलंस, बाबा, वाचलं का. मी म्हणालो, लग्नाचा सीझन आहे, मले वेळ कुठं. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हाही सीझनच होता. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस.

आता लिहायचं कारण. कॉलेजच्या नव्या हॉलचा साउंड मी फुकट बसवून दिला, तेव्हापासून संस्थेने मला कमिटीवर घेतलं आहे. सातवी पास माणूस कॉलेजच्या कमिटीवर, म्हणून मीटिंगला मी इस्त्रीचा शर्ट घालतो आणि कमी बोलतो. मागच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांनी, एकाने म्हटलं म्हणून सगळ्यांनी, राजूर घाटात दिवे बंद करून गाड्या खाली सोडल्या. एक पोरगं घाटातच राहिलं. बाकीचे नंतर एकेकटे येऊन रडले, म्हणाले, सर, आमच्या मनात नव्हतं जायचं. कोणाच्याच मनात नव्हतं, आणि गेले सगळे.

त्यावर मराठीच्या सुचिता मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, भाषणं नको, फलक नको. नव्या पोरांना प्रवेशाबरोबर एक कादंबरी द्या, दोस्तांच्या ओढीने माणूस कसा वाहत जातो यावरची, आणि पहिल्या सहामाहीत ती सगळ्यांनी मिळून वाचा. अध्यक्ष उत्तमरावांना हे पटलं, कारण यात छापून येण्यासारखं काही तरी आहे. पुष्कळ चाळून शेवटी दोन पुस्तकं उरली. त्यातलं एक तुझं.

मग मी कपाटावरून ते काढलं. डोळ्यांनी वाचलेलं मला पटत नाही, तुला माहीत आहे. आईला म्हटलं, वाच. चार रात्री ती वाचत होती. गावाकडची पोरगी हॉस्टेलच्या चार खाटांच्या खोलीत दाराजवळच्या पाचव्या खाटेवर येते, चौघी तिला बोलायला शिकवतात, कशाला हसायचं ते शिकवतात, आणि पुढच्या वर्षी पाचव्या खाटेवर नवी पोरगी येते तेव्हा हीच सगळ्यात आधी हसते. ओवी, त्या चौघी वाईट नाहीत, हे तू फार बरोबर धरलंस. वाईट असत्या तर कोणीही वाचलं असतं त्यांच्या हातून.

एका ठिकाणी पान उलटल्याचा आवाज दोनदा आला आणि वाक्याला वाक्य जुळलं नाही. तुझ्या आईने काही तरी गाळलं. बायको नवऱ्याला कशापासून वाचवत असेल तर वाचवू द्यावं.

कमिटीला मी सांगितलं, कर्णा घेताना आपण वाजवून बघतो, तर पुस्तक काऊन नाही? हॉलमध्ये नवी पोरं बसवा, दोन्ही पुस्तकांतला उतारा ऐकवा. पोरं ज्याला चूप बसतील ते घ्या. सगळ्यांना पटलं. तुझा उतारा तू येऊन वाचशील का? १२ जुलैला आहे. तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. हो म्हणालीस तर मात्र काय करीन ते मला सांगता येत नाही.

तुझे बाबा


बुलढाणा, २७ जून

ओवी,

मला उत्तर आलं नाही, पण आईला तू फोनवर म्हणालीस, ‘येते म्हणून सांग.’ कोणाला सांग हे म्हणाली नाहीस. मी पेपर उलटा धरला होता, असं तुझी आई सांगते. ती सांगते ते सगळंच खरं नसतं.

इथे सगळी तयारी आहे. तुझ्यासाठी तो जुना जड माइक काढला आहे, जो बीबीला मी पहिल्यांदा घेतला होता. सायकलच्या मागे कर्णा, पुढच्या दांडीवर तू, आणि अॅम्प्लिफायर तुझ्या मांडीवर. त्या माइकला माणसाच्या आवाजातली हवा कळते. नव्यांना फक्त आवाज कळतो.

दुसरं पुस्तक मी ऐकलं. बाहेरच्या एका मोठ्या प्रकाशनाचं आहे, कागद असा की माशी घसरावी. त्यातली पोरं चुकतात, एक शहाणा मास्तर येतो, पोरं समजतात. बोलतात कशी, तर बातम्या देणाऱ्या बाईसारखी. सुचिता मॅडम म्हणाल्या, ‘सर, हे पुस्तक वाचून पोरं परीक्षेत चांगलं लिहितील आणि रात्री पुन्हा घाटात जातील.’ उत्तमराव म्हणाले, ‘पण मॅडम, स्वच्छ आहे हो. ते दुसरं म्हणजे, त्यात आपल्याच गावची भाषा, आपलंच हॉस्टेल. लोक विचारतील, ही कोणती खोली.’ मी म्हणालो, ‘पोरांनाच ठरवू द्या ना साहेब. मी कान लावून बसतो.’

ते हसले. म्हणाले, ‘नीळकंठरावांच्या कानापुढे आपण काय बोलावं.’

हे मात्र खरं आहे, आणि तुला सांगायला हरकत नाही. तीस वर्षं गर्दी ऐकली आहे. गप्प बसण्याचे दोन आवाज असतात, कंटाळलेल्यांचा वेगळा, गुंतलेल्यांचा वेगळा. लोणारच्या एका गॅदरिंगला एका पोराने मांजराचा आवाज काढला, मास्तर लोक चिडले, मी मिक्सरवरून उठून सरळ त्या पोरासमोर जाऊन उभा राहिलो. चारशे माणसांच्या हॉलमध्ये पहिला कोण हसला, पहिली टाळी कुठून आली, मी डोळे मिटून सांगतो. या कामात मला आजवर कोणी फसवलेलं नाही. तेव्हा घाबरू नकोस. कोणी पोराने गडबड केली तर मला कळेल.

आईने तुझी खोली झाडली. मी काही झाडलं नाही, फक्त पंखा बघितला. चालतो.

बाबा


बुलढाणा, १५ जुलै

ओवी,

तू रात्री राहशील असं आम्ही धरून चाललो होतो. आईने पिठलं टाकलं होतं. तू परस्पर स्टँडवर गेलीस आणि चिखलीकडची गाडी धरलीस, हे मला एका रिक्षावाल्याने सांगितलं.

तू आलीस तेव्हा मी मिक्सरजवळ होतो. तू वाकून पाया पडलीस आणि मी विचारलं, बस नीट मिळाली का. दोन वर्षांनी बापाने विचारलं काय, तर बस. मग उत्तमरावांनी हात धरून नेलं, ‘आज तुम्ही पाहुणीचे वडील, तारा ओढत काय बसता,’ आणि पहिल्या रांगेत त्यांच्या उजव्या हाताला बसवलं. कमिटीतले सगळे त्याच रांगेत. मागे पोरं.

तू वाचायला लागलीस आणि पाच मिनिटांत हॉल असा चूप झाला की पंख्याच्या बेअरिंगचा आवाज यायला लागला. गुंतलेल्यांचं चूप होतं ते, मी सांगतो. मला वाटलं, जमलं.

मग तू ते पान घेतलंस, कॉलेजच्या गॅदरिंगचं. मैत्रिणी विचारतात, ‘तो तार ओढणारा माणूस तुह्याकडं पाहून काऊन हसून राह्यला बे?’ आणि ती पोरगी म्हणते, ‘मले काय माहीत. मंडपवाला आहे तो.’

आईने गाळलं होतं ते हे. मला वाटलं होतं, काही वंगाळ असेल.

त्यावर कोणी तरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. गावाकडची भाषा माइकवरून ऐकली की आपल्या पोरांना आपणच उघडे पडल्यासारखं वाटतं, मग ती हसतात. तुझ्या डोळ्यांवर दिवे होते. मीच लावलेले. तुला समोरचं काही दिसत नव्हतं हे मला माहीत आहे. तू दोन ओळी पुढे वाचल्यास, त्या हसण्यात गेल्या. मग पुस्तक मिटून धन्यवाद म्हणालीस.

नंतर त्या मोठ्या प्रकाशनाकडून आलेल्या बाईंनी ते दुसरं पुस्तक वाचलं. पोरं चूप बसली. कंटाळलेल्यांचं चूप. पण चूप ते चूप.

संध्याकाळी ऑफिसात प्राचार्य चिडले होते. उत्तमराव सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पाहुणीचा अपमान झाला. कोणी सुरू केलं हे? आपल्याकडे कान आहेत ना, त्यांना विचारा.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘मागून आलं. खिडकीच्या बाजूने.’

खिडकीच्या बाजूची पोरं बोलावली. सगळी खाली बघत उभी. प्राचार्य म्हणाले, एकाने पुढे या नाही तर सगळ्यांच्या घरी फोन जाईल. मागून कुजबुज ऐकू आली, मला शब्दन् शब्द कळला: ‘दीपक, तू जा ना बे. तुह्यात दम आहे. जा, भाऊ.’ आणि एक काटकुळा पोरगा पुढे आला. म्हणाला, ‘हाव सर. मीच हसलो.’ बाहेर गेल्यावर पोरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, त्याही ऐकू आल्या.

दीपक म्हणून नांदुऱ्याकडचा आहे. हॉस्टेलमधली त्याची जागा काढून घेतली. तुझा अपमान करणाऱ्याला शिक्षा झाली, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

बाबा


बुलढाणा, ३ ऑगस्ट

ओवी,

रविवारी तू आईला म्हणालीस, ‘आई, त्या दिवसाबद्दल नको, आणि बाबांबद्दलही नको. बाकी काहीही बोल.’ मग तुम्ही टोमॅटोबद्दल बोललात. मी उठून गच्चीवर गेलो. तुझा आवाज तिथपर्यंत येत नाही.

कमिटीचं झालं. दुसरं पुस्तक ठरलं. सुचिता मॅडम पुष्कळ बोलल्या. ‘हसले म्हणजे त्यांना लागलं, सर. न लागणारं पुस्तक देऊन आपण काय करणार?’ असं म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘नीळकंठराव, हसण्याआधीचं ते चूप तुम्ही ऐकलंत ना? सांगा ना यांना.’

मी ऐकलं होतं. मी चहाच्या कपाकडे बघत बसलो.

उत्तमराव म्हणाले, ‘मॅडम, यांची स्वतःची मुलगी आहे. यांना कशाला अडचणीत टाकता? बोला, हात वर करा.’ एक हात वर गेला, दोन गेले. माझा गेला. शेवटी मॅडमचाही गेला, बाकीच्यांचे वर होते म्हणून. उत्तमराव लिहून घेणाऱ्याला म्हणाले, ‘एकमताने.’ बाहेर जिन्यात मॅडम मला म्हणाल्या, ‘आपण कोणत्या विषयावरचं पुस्तक निवडत होतो, तुमच्या लक्षात आहे का?’ आणि स्वतःच हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं.

घरी येऊन आईला म्हटलं, ते गाळलेलं पान वाच.

म्हणाली, ‘आता कशाले?’

‘काऊन गाळलं होतं तू?’

‘तुम्हाले लागलं असतं.’

‘नसतं लागलं. मले ते आधीच माहीत होतं.’

तुलाही सांगतो, ओवी. त्या गॅदरिंगला मी हेडफोन लावून बसलो होतो आणि स्टेजच्या कडेचा, तुम्ही पोरी उभ्या होतात तिथला माइक चालू राहिला होता. ‘मंडपवाला आहे तो’ हे तुझ्या मैत्रिणींच्या आधी मला ऐकू आलं. मला राग आला नाही. अठराव्या वर्षी चार पोरींच्या मध्ये उभं राहून दुसरं काय म्हणता येतं? मी तारा गुंडाळल्या, घरी आलो, आईला म्हणालो, पोरगी खुशीत आहे. इतकी वर्षं मी हे कोणाला कळू दिलं नाही, आणि तू छापून टाकलंस.

मग आईने वाचलं. तुझ्या दोन ओळी हसण्यात गेल्या होत्या ना, त्याही आल्या आणि त्यापुढच्याही. तुझेच शब्द तुला कशाला सांगू, पण माझ्या कानातून जात नाहीत. ‘मग तो माणूस माइकजवळ आला आणि म्हणाला, हॅलो. हॅलो, हॅलो. सगळ्यांना वाटलं, माइक तपासतो आहे. माइक केव्हाचाच तपासून झाला होता. तो हॅलो मला होता. मी मान वळवली नाही. एवढी पानं लिहिली ती त्या हॅलोला ओ देण्यासाठी.’

आईने पुस्तक मिटलं. ‘पाहा,’ म्हणाली, ‘म्हणून नव्हतं वाचलं. तुम्ही ऐकताना मले पाहवलं नसतं.’

तू हे वाचायला एवढ्या दुरून आली होतीस. हॉलमधल्या चारशे माणसांना ऐकवायला नाही, हे मला आता कळतं.

बाबा


बुलढाणा, ३१ ऑगस्ट

ओवी,

मागची पत्रं तू उघडलीस की नाही, मला माहीत नाही. हे उघडलंस तर पुरे.

नवी पुस्तकं पोरांना वाटून झाली. फोटो काढला, मी मागच्या रांगेत आहे. परवा हॉस्टेलवर स्पीकर बघायला गेलो तर खिडकीत तीन प्रती होत्या, त्यांच्यावर चहाचे कप. गणपतीच्या मिरवणुकीआधी पोरांनी पुन्हा घाटात जायचं ठरवलंय, हेही त्याच खिडकीखाली ऐकलं. प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, कोण म्हणालं ते सांगा. मी नाव सांगितलं नाही. नाव घेण्याच्या लायकीचा मी राहिलो नाही. प्राचार्य म्हणाले, मग कोणाला विचारायचं, आणि दुसऱ्या कामाला लागले. पोरं जातील. मला थांबवता येईल असं काही माझ्याजवळ नाही.

बुधवारी नांदुऱ्याला एका मंडपाचं बोलणं होतं. बाजारात धान्याच्या एका दुकानात तो दीपक दिसला, पोतं शिवत होता. मी गेलो. ओळखलं त्याने, उठून उभा राहिला. हॉस्टेल गेल्यावर नांदुऱ्याहून रोज जाणं-येणं घरच्यांना झेपलं नाही. नाव काढून घेतलं. पुढच्या वर्षी येशील का विचारलं तर म्हणाला, ‘आता बाबा नाही म्हणतात. तिथं जाऊन हेच शिकला, म्हणतात.’

मी चहा मागवला. तो बशीत ओतून प्यायला. मी विचारलं, ‘तू काऊन पुढं आला बे त्या दिवशी? तू तर हसला नव्हता.’

‘सगळे म्हणत होते ना सर, जा, जा. मी नवीनच होतो. त्या दिवसापर्यंत खोलीत मले कोणी नावानं बोलावलंच नव्हतं. नांदुरा म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा दीपक म्हणाले.’

‘आता फोन येतो का त्यांचा?’

‘नाही,’ म्हणाला. सुतळीचं टोक दाताने तोडलं. मग एकदम माझ्याकडे बघितलं. पोरगा हुशार आहे, ओवी, शिकायला पाहिजे होता.

‘सर, पण तुम्हाले कसं माहीत, मी हसलो नव्हतो?’

मी म्हणालो, मंडपाचं बोलायचं आहे, उशीर होतो आहे. चहाचे दिले आणि निघालो. परतीच्या बसमध्ये त्याचा प्रश्न माझ्या शेजारी बसून आला. त्याला उत्तर देण्याची हिंमत झाली नाही, आणि दिलं असतं तरी त्याचं वर्ष परत येत नाही. प्राचार्यांना काल जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, नीळकंठराव, आता हे उकरू नका, अध्यक्षांचंही नाव येईल. प्रवेशाची तारीख तर गेलीच आहे.

तुला सांगतो ते एवढ्यासाठीच की तू मागच्या खिडकीकडच्या पोरांना दोष देत बसू नयेस.

तू ते ‘मंडपवाला आहे तो’ वाचलंस तेव्हा उत्तमरावांनी मला कोपराने ढोसलं आणि म्हणाले, ‘हे तुमचंच का हो, नीळकंठराव?’ पलीकडून दोघे वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. सगळी रांग बघायला लागली. मला लागलेलं नाही हे त्यांना दिसलं पाहिजे होतं. तेवढंच त्या वेळी सुचलं. मागची पोरं तोवर चूप होती. पुढची मोठी माणसं हसताना दिसली तेव्हा ती हसली.

ते हसणं उत्तमरावांच्या उजव्या हाताच्या खुर्चीतून सुरू झालं. त्या खुर्चीवर मी बसलो होतो.